माहीमरातब

लग्नघरात एखादा व्याही रुसून बसतो. कारण विचारलं तर सांगतो, 'आमचा मानमरातब राखला नाही.' यातला 'मरातब' अरबी. मर्तबा म्हणजे दर्जा, त्याचं हे अनेकवचन. या मरातबाचा एक जुना जोडीदार होता, 'माही'. फारसीत माही म्हणजे मासा.

माहीमरातब हे मोगल बादशहानं फार वरच्या दर्जाच्या सरदाराला द्यायचं मानचिन्ह. सोनेरी मुलाम्याचा मासा उंच काठीवर बसवायचा आणि स्वारीत हत्तीवरून मिरवायचा. इराणचा खुस्रो परवेझ गादीवर परतला तेव्हा चंद्र मीन राशीत होता, म्हणून मासा, अशी एक जुनी कथा आहे.

हा मासा जून १७९२ मध्ये महादजी शिंद्यांबरोबर पुण्यात आला. त्याआधी १७८४ मध्ये बादशहा शाह आलमनं वकील-इ-मुतलक हे पद दिलं होतं. महादजींनी ते पेशव्यांच्या नावानं घेतलं आणि स्वतः नायब झाले. पुढं १७८८ मध्ये गुलाम कादिरनं बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेनं त्याला पुन्हा तख्तावर बसवलं. म्हणजे मान देणारा आंधळा, आणि त्याचं तख्त मान घेणाऱ्याच्या जोरावर उभं!

पुण्यात नाना फडणिसांना हा सोहळा रुचत नव्हता. आपले धनी साताऱ्याचे छत्रपती, मग दिल्लीचे किताब कशाला? आक्षेप खोटा नव्हता. शेवटी साताऱ्याहून रीतसर परवानगी आणली गेली.

मोठे तंबू उभारले. आत एक तख्त मांडलं, रिकामं. बादशहा दिल्लीत होता. सवाई माधवराव अठरा वर्षांचे. त्यांनी त्या रिकाम्या तख्ताला तीनदा मुजरा केला आणि १०१ मोहरा नजर ठेवल्या. मग खिलत, तलवार, ढाल, शिक्के, कलमदान, मोरचेलं, नालकी, पालखी; आणि सहा हत्तींवर बादशाही निशाण, चंद्र, तारे, सूर्य नि मासा. पोशाख करून पेशवे निघाले तेव्हा मागं मोरचेल ढाळत महादजी, आणि हरिपंत फडकेसुद्धा!

याच भेटीत महादजींनी बगलेतल्या बासनातून नवे जोडे काढून पेशव्यांच्या पायांत घातले, असं सांगतात. वडील राणोजींचं कामच ते होतं. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या मुठीत, तो स्वतःला पाटील म्हणवून घेई. काहींना यात ढोंग दिसतं. मला वाटतं, रिकाम्या तख्ताची किंमत त्या सभेत त्यांच्याइतकी कुणालाच कळली नसेल. आणि ती पुण्याला कशी वापरता येईल, हेही.

फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला महादजी गेले. पुढच्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेकनं शिंद्यांच्या फौजेचा दिल्लीजवळ पराभव केला आणि तो बादशहाच्या भेटीला गेला. त्याच आंधळ्या शाह आलमनं मग लेकलाही किताब दिले.