कमानीचा दाखला

कामगारांनीच कारखाना चालवायचा, असा विषय मुंबईत निघाला की पाच मिनिटांच्या आत कोणीतरी विचारतोच, ‘‘कमानीचे काय झाले, ठाऊक आहे ना?’’ आणि चर्चा तिथेच आटोपते. विचारणारा मालकधार्जिणाच असतो असे नाही. जुने युनियनवाले, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, अर्थशास्त्राचे प्राध्यापक असे सगळेच यात असतात. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स कामगारांनी घेतली, काही वर्षे चालवली, मग ती बंद पडली. तेव्हा हे काम कामगारांचे नव्हे, इति सिद्धम्.

पूर्वपक्ष एवढ्यावर सोडला तर त्याच्यावर अन्याय होईल. त्यामागे शंभर वर्षांहून जुना विचार आहे. बिअॅट्रिस पॉटर, म्हणजे पुढच्या बिअॅट्रिस वेब, यांनी १८९१ मध्ये ब्रिटनमधल्या सहकारी चळवळीवर पुस्तक लिहिले. ग्राहकांच्या सहकारी भांडारांबद्दल त्यात कौतुक आहे, उत्पादकांच्या सहकारी संस्थांबद्दल मात्र निराशा. त्यांचे म्हणणे असे, की अशा संस्था एक तर बुडतात, नाही तर चांगल्या चालल्या की मूळ सभासद नव्या लोकांना पगारी नोकर म्हणून ठेवतात आणि स्वतः छोटे मालक होऊन बसतात. बाई कामगारांच्या वैरी नव्हत्या, फेबियन समाजवादी होत्या. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले. १९७२ मध्ये अल्चियन आणि डेमसेट्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी दुसरा आक्षेप पक्का केला. दहा जणांनी मिळून केलेल्या कामात कामचुकार कोण ते कळत नाही, त्यासाठी देखरेख करणारा लागतो, आणि सर्वांचे देणे भागवून उरेल ते त्याला मिळणार असेल तरच तो डोळ्यांत तेल घालून देखरेख करील. तिसरा आक्षेप कामगारांच्या हाती कारखाने देणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या अभ्यासकांचा: निवृत्त होताना कामगाराला यंत्र बरोबर नेता येत नाही, म्हणून तो आजचा नफा आजच पगारात वाटून घेईल आणि बियाणेच खाऊन बसेल.

आक्षेप वजनदार आहेत. पण कमानीचा दाखला त्यांपैकी कशाला लागू पडतो, ते पाहायला हवे.

कुर्ल्याच्या या कारखान्यात तांब्याच्या आणि तांबेमिश्र धातूंच्या नळ्या होत. संस्थापक रामजीभाई कमानी गेल्यावर घरात भाऊबंदकी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयातला या प्रकरणाचा गाजलेला निवाडाच मुळी ‘नवनीत आर. कमानी विरुद्ध आर. आर. कमानी’ या नावाने ओळखला जातो. दोन्ही बाजूंना कमानी, आणि मध्ये सुमारे ६०० कामगारांचा कारखाना. १९८५ मध्ये तो बंद पडला. विजेची बिलेही थकली होती. तेव्हा कमानी एम्प्लॉइज युनियनने एक वेगळीच गोष्ट केली. नुसती थकबाकी न मागता कारखानाच मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून आजारी उद्योगांच्या मंडळाकडे म्हणजे बीआयएफआरकडे आले, आणि १९८८ मध्ये कामगारांची योजना मंजूर झाली. भागधारकांचे शेअर नाममात्र किमतीला कामगारांच्या सहकारी सोसायटीकडे गेले. युनियनचे नेते डी. थंकप्पन कंपनीचे अध्यक्ष झाले. कामगारांनी पगारकपात पत्करली आणि एप्रिल १९८९ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत कंपनीने नफाही दाखवला.

दाखला देणारे हा शेवटचा भाग गाळतात. ज्यांना कारखाना चालवता येत नाही म्हणायचे, त्यांनी साडेतीन वर्षे गंजत पडलेली यंत्रे फिरवली, गेलेली गिऱ्हाइके परत आणली आणि ताळेबंद नफ्यात नेला. ज्यांना तो चालवता येतो असे गृहीत आहे, त्यांनी तो अंधारात नेऊन सोडला होता. शिक्षा मात्र एकाच बाजूला. मालकाचा कारखाना बुडाला की आपण म्हणतो बाजार पडला, वारस भांडले, नशीब फिरले. ‘मालकांना कारखाना चालवता येत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढत नाही. गिरणगावात एकामागून एक गिरण्या बंद झाल्या, तेव्हाही काढला नाही.

मग कमानी पुन्हा का बुडाली? मुख्य कारण नीरस आहे, म्हणून ते कोणी सांगत नाही: खेळते भांडवल नव्हते. तांब्याच्या नळीच्या किमतीत मोठा वाटा तांब्याचाच असतो. कच्चा माल रोखीने उचलायचा, नळी ओढायची, विकायची, आणि गिऱ्हाइकाने पैसे देईपर्यंत थांबायचे. हे चक्र बँकेच्या कॅश क्रेडिटवर फिरते. आजारी म्हणून शिक्का बसलेल्या, तारण ठेवायला काही न उरलेल्या आणि मालकाच्या खुर्चीत कामगार बसलेल्या कंपनीला बँक हात आखडूनच पैसे देणार. भट्टीपाशी माणसे तयार, ऑर्डर हातात, आणि गोदामात तांबे नाही, अशा पाळ्या कोणत्याही व्यवस्थापकाला बुडवतील. त्यात १९९१ नंतर आयात शुल्क उतरत गेले आणि परदेशी माल स्वस्त झाला. नव्वदचे दशक संपायच्या आत कारखाना थांबला.

याहून मूलभूत गोष्ट कायद्याच्या व्याख्येतच होती. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्यानुसार कंपनी आजारी ठरायची ती तिचा साठलेला तोटा तिच्या एकूण नक्त मालमत्तेइतका किंवा त्याहून जास्त झाल्यावर. म्हणजे भागभांडवल आणि गंगाजळी पूर्ण गिळली गेल्याशिवाय तिला मंडळाच्या दारात प्रवेशच नव्हता. आणि कामगारांची पाळी यायची ती त्याच दारातून आत गेल्यावर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? निकामी झाल्यावरच कारखाना ज्यांच्या हाती पडतो, त्यांची तुलना चालत्या कंपनीशी करता येणार नाही. करायची तर ती बंद गेटाशी करावी लागेल. १९८५ मध्ये ज्यांचा पगार कायमचा थांबला असता, त्यांना आणखी काही वर्षांचा पगार मिळाला, हा त्या हिशेबातला पहिला आकडा.

वेळ आणि पैसा हाताशी असतील तर काय होते, ते वेल्समध्ये दिसले. टॉवर ही दक्षिण वेल्समधली खोल कोळसाखाण. सरकारी ब्रिटिश कोलने १९९४ मध्ये ती परवडत नाही म्हणून बंद केली. २३९ खाणकामगारांनी नोकरी गेल्याची भरपाई म्हणून हातात आलेल्या पैशांतून प्रत्येकी ८,००० पौंड घातले आणि खाण विकत घेतली. युनियनचे टायरोन ओसलिव्हन त्यांचे पुढारी होते. जानेवारी १९९५ मध्ये काम सुरू झाले आणि जानेवारी २००८ पर्यंत, म्हणजे कोळसाच संपेपर्यंत, तेरा वर्षे चालले. ‘परवडत नाही’ हा तज्ज्ञांचा निवाडा होता, तो साफ चुकला. कमानीच्या आणि टॉवरच्या कामगारांत अकलेचा फरक होता असे मला वाटत नाही. खाण बंद होऊन वर्षही झाले नव्हते आणि खिशात भरपाईची रोकड होती. घोडे पेंड खाते ते इथे.

आता शिस्तीचा मुद्दा. देखरेख फक्त वरूनच होते, हे त्यामागचे गृहीतक कारखान्यात न राबलेल्या माणसाचे आहे. शेजारच्या यंत्रावरचा माणूस कधी टंगळमंगळ करतो ते सुपरवायझरच्या आधी सोबत्याला कळते. प्रश्न एवढाच, की त्याने बोलावे असे त्याला का वाटावे. नफ्यातोट्यात वाटा असेल तर वाटते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कामगारांच्या मालकीच्या प्लायवूड गिरण्यांत मुकादम कमी लागत असे आढळले आहे. बाजार पडला की खाजगी गिरणी माणसे कमी करते, सहकारी गिरणी सर्वांची कमाई थोडी थोडी कमी करते, हेही तिथल्याच अभ्यासातून पुढे आले. उरुग्वेतल्या कंपन्यांचा माग काढून गॅब्रिएल बुर्डिन यांनी २०१४ मध्ये दाखवले, की कामगारांच्या हातातल्या संस्था बंद पडण्याचा धोका इतर कंपन्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी होता. यावर पूर्वपक्ष म्हणेल, की हा आकडा सगळ्याच कामगारचालित संस्थांचा आहे, नुसत्या आजारी कारखान्यांचा नाही. मान्य. पण ‘कामगारांना जमतच नाही’ या सार्वत्रिक विधानाला खोडून काढायला सार्वत्रिक आकडाच हवा.

बियाण्याच्या आक्षेपाला तर आपल्याच कायद्यात उत्तर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत टाकावाच लागतो आणि लाभांशावरही कमाल मर्यादा आहे. वाटून खायचे म्हटले तरी सगळे वाटता येत नाही.

सहकाराचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडचा एक खास महाराष्ट्रीय आक्षेप घेऊ. ‘साखर कारखान्यांचे राजकारण्यांनी काय केले ते पाहिले, आता कामगारांच्या सहकाराचे तेच होणार.’ इथे दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबल्या जातात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० च्या सुमारास जे उभे केले, ते ऊस पिकवणाऱ्यांचा सहकार होते. कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस उत्पादक. बॉयलरवरचा, गव्हाणीवरचा, पॅनवरचा कामगार तिथे पगारी नोकरच. त्याचे वेतन त्रिपक्षीय समितीत ठरते आणि कारखाना अडचणीत आला की आधी त्याचाच पगार थकतो. सूतगिरण्यांचीही तीच तऱ्हा. सहकाराची पंढरी म्हणवणाऱ्या या राज्यात कामगारांच्या मालकीचा सहकार जवळजवळ रुजलाच नाही, तेव्हा त्याला अपयशी कसे ठरवायचे?

तो रुजला आणि टिकला ते इतर राज्यांत. विडी कामगारांचा १९६६ चा कायदा केरळात लागू झाला, तसे मंगळूरच्या मालकांनी कन्नूर भागातले आपले विडीकाम बंद केले आणि सुमारे १२,००० माणसे रस्त्यावर आली. १९६९ मध्ये त्यातून केरळ दिनेश बीडी निघाली. पुढे तिच्या सभासदांची संख्या ४०,००० च्या वर गेली. विडीचा धंदा उतरू लागल्यावर तिने छत्र्या, खाद्यपदार्थ आणि कपडे बनवायला घेतले. त्याआधी, १९५७ मध्ये, कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी तिथल्या कामगारांच्या सोसायट्या काढायला लावल्या. जबलपूरच्या सोसायटीची इंडियन कॉफी हाउसे मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये आजही चालतात. पंख्याचा तुरा लावलेली पगडी घालून जो माणूस डोसा आणून ठेवतो, तो त्या धंद्याचा भागीदार असू शकतो. आणि गल्ल्यावर बसलेला गृहस्थ एके काळी तसाच ट्रे घेऊन फिरलेला. ‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी तिथे कित्येकदा कॉफी प्यायली असेल.

बिअॅट्रिस वेब यांचा मुद्दा मात्र मी पूर्ण टाकून देत नाही. मूळ सभासदांनी दार लावून घेऊन पगारी माणसे ठेवणे, हे घडते. त्या प्लायवूड गिरण्यांतही सभासदत्वाचा भाव इतका चढला, की नव्या कामगाराला ते परवडेनासे झाले. स्पेनमधल्या मोंद्रागोन या सहकारी समूहातली फागोर ही घरगुती उपकरणांची मोठी सहकारी संस्था २०१३ मध्ये बुडालीच. कमानीतही एक गाठ सुटली नव्हती: युनियनचा पुढारीच अध्यक्ष झाला, तर कामगाराने गाऱ्हाणे न्यायचे कोणाकडे? हे दोष खरे आहेत. पण ते कारखाना सुरू राहिल्यावरचे आहेत आणि घटना, निवडणुका, सभासदत्वाचे नियम नीट करून आवरता येण्याजोगे आहेत. आणि वेबबाईंचे भाकीतही सरसकट खरे ठरले नाही. लेस्टरची इक्विटी शूज ही चपलाबुटांची कामगार सहकारी संस्था त्यांच्या पुस्तकाच्या आधी निघाली होती आणि शंभर वर्षांहून अधिक टिकली.

खरा वाद भांडवल कुठून आणायचे याचा आहे, आणि काही देशांनी त्याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले आहे. इटलीत १९८५ च्या मार्कोरा कायद्याने कामगारांना बेकारी भत्त्याची रक्कम एकदम उचलून ती कंपनी विकत घेण्यात घालायची सोय दिली आणि त्यांना जोड भांडवल देणारी संस्था उभी केली. अर्जेंटिनात २००१ च्या आर्थिक कोसळीनंतर कामगारांनी आधी कारखाने ताब्यात घेतले, कायदा मागाहून आला. नेउकेनचा झानोन हा फरशांचा कारखाना २००१ मध्ये टाळे लागल्यावर कामगारांनी २००२ मध्ये सुरू केला. पुरवठादारांनी पाठ फिरवली तेव्हा माती दिली ती जवळच्या मापुचे आदिवासींनी. प्रांताच्या विधानसभेने तो संपादित करून कामगारांच्या हाती द्यायला २००९ उजाडले. २०११ मध्ये तिथल्या दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि थकलेला पगार व भरपाई हीच खरेदीची रक्कम म्हणून मोजून घेता येऊ लागली. बुएनोस आइरेस विद्यापीठाच्या २०१६ च्या पाहणीत असे साडेतीनशेहून अधिक उद्योग सुरू होते.

आपल्याकडे बीआयएफआर २०१६ च्या अखेरीस गेले आणि दिवाळखोरी संहिता आली. २०१९ मध्ये एका ज्यूट गिरणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की थकलेल्या पगारासाठी युनियनला या संहितेखाली अर्ज करता येईल. अर्ज दाखल झाल्यावर कंपनी कोणाला द्यायची ते ठरवते घेणेकऱ्यांची समिती, आणि तिथे मत असते बँकांना व वित्तसंस्थांना. कामगार व्यवहारी घेणेकरी. एकूण कर्जात त्यांच्या गटाचे देणे १० टक्के भरले तर त्यांचा प्रतिनिधी समितीत बसतो, पण मत देऊ शकत नाही. कामगारांची सोसायटी खरेदीदार म्हणून पुढे आली, तर तिच्या सभासदांचा थकलेला पगार किमतीत धरला जाईल असे संहितेत कुठेही म्हटलेले नाही. अर्जेंटिनाने २०११ मध्ये केलेली दुरुस्ती नेमकी हीच. ती इथे झाल्यावर, आणि कारखाना साडेतीन वर्षांनी न मिळता साडेतीन महिन्यांत मिळू लागल्यावर, कमानीचा दाखला पुन्हा काढावा. तेव्हा त्याला उत्तर द्यायला कुर्ल्याहून निराळी उदाहरणे हाताशी असतील.