उरेब आणि आरे : मोटारसायकलच्या टायरमधील दोऱ्यांचा इतिहास

१/१४
धावती मोटारसायकल रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या दोन ठिकाणी स्पर्श करते. घाटाच्या वळणावर झुकलेल्या स्वाराचा जीव त्या दोन ठिकाणांच्या स्वाधीन असतो. दुकानदार मात्र सहज विचारतो, “रेडियल देऊ की साधा?” या एका प्रश्नामागे शतकाहून मोठा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी. 🧵

२/१४
प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टायरचे बळ रबरात नसते. नुसत्या रबरात हवा भरली, तर ते फुग्यासारखे फुगत जाईल. हवेचा दाब आणि गाडीचा भार पेलतात ते रबराच्या आत दडलेले दोरे. म्हणून टायरचा इतिहास हा बव्हंशी त्या दोऱ्यांच्या दिशेचा इतिहास आहे.

३/१४
हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी घेतले. त्या काळी रस्त्यावर घोडागाड्या होत्या, त्यामुळे ही कल्पना विस्मृतीत गेली. पुढे बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट स्वतंत्रपणे घडवली आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवले. थॉमसन यांचा अग्रक्रम उघड झाल्यावर ते पेटंट रद्द ठरले.

४/१४
आरंभीच्या टायरांत जाड किंतानासारखे विणलेले कापड वापरत. त्यातील उभे-आडवे धागे चाक फिरताना एकमेकांवर करवतीसारखे घासत आणि कापड आतूनच झिजे. १८९० च्या दशकात शिकागोच्या जॉन पामर यांनी विणकामच टाळले. सारे दोरे एकाच दिशेने, समांतर मांडायचे, रबरात बुडवायचे आणि असे थर एकावर एक चढवायचे.

५/१४
हे थर तिरपे ठेवले जात : एक डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे. हाच बायस-प्लाय टायर. शिंप्याच्या भाषेत याला ‘उरेब’ म्हणता येईल. उरेब कापलेले कापड जसे सर्व बाजूंनी ताणते आणि गोलाईवर नीट बसते, तसाच हा टायर गोल आकारात सहज घडतो, चहूकडून सारखाच मजबूत राहतो आणि खड्ड्यांचा मारही सोसतो.

६/१४
पण उरेबीचा गुण हाच तिचा दोषही. तिरपे थर प्रत्येक फेऱ्यात एकमेकांविरुद्ध सरकतात, त्यातून उष्णता निर्माण होते. वेग फार वाढला की टायर बाहेरच्या दिशेने फुगू लागतो. बळकटीसाठी थर वाढवावे, तर उष्णताही वाढते.

७/१४
यावरचा उपाय ब्रिटनमध्ये ग्रे आणि स्लोपर यांनी १९१३ मध्येच पेटंटबद्ध केला होता. त्याच सुमारास अमेरिकेत आर्थर सॅव्हेज यांनीही तसेच पेटंट घेतले. दोरे तिरपे न नेता टायरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ न्यायचे. बाजूने पाहिल्यास ते बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांसारखे दिसतात. म्हणूनच मराठीत रेडियलला ‘अरीय’ हा शब्द आहे.

८/१४
कल्पना तीन दशके कागदावरच राहिली. तिला व्यवहारात आणले मिशेलिन कंपनीतील मारियुस मिन्योल यांनी. ते मूळचे कंपनीच्या छापखान्यातील कामगार. उष्णता नेमकी कोठून येते हे शोधण्यासाठी त्यांनी एक विचित्र टायर बनवला. त्याच्या बाजूच्या भिंतीत रबराऐवजी विरळ पोलादी तारा होत्या. ‘माश्यांचा पिंजरा’ असे त्याचे टोपणनाव पडले.

९/१४
त्या पिंजऱ्यातून रेडियल जन्मला. ४ जून १९४६ रोजी पेटंटचा अर्ज झाला, १९४९ मध्ये ‘मिशेलिन एक्स’ बाजारात आला. त्यात कामांची वाटणी होती. बाजूची भिंत लवचीक, तिने धक्के सोसायचे. नक्षीखाली पोलादी पट्टा, त्याने रस्त्यावर टेकणारा भाग सपाट आणि स्थिर ठेवायचा.

१०/१४
तरीही ‘नवे ते सुरक्षित’ असे समीकरण मांडता येत नाही. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीच्या ‘५००’ या पोलादी पट्ट्याच्या रेडियल टायरची नक्षी थरापासून सुटू लागली. प्राणघातक अपघात घडले आणि १९७८ मध्ये लक्षावधी टायर परत मागवावे लागले. रचना उत्तम असली, तरी ती घडवण्याची विद्या वेगळी आत्मसात करावी लागते.

११/१४
मग मोटारीला १९४९ मध्ये मिळालेला टायर मोटारसायकलला इतका उशिरा का मिळाला? कारण मोटार वळणावर जवळजवळ सरळ उभी राहते, मोटारसायकल झुकते. तिच्या टायरचा माथा गोल हवा. रेडियलची मऊ भिंत त्या झुकण्यात डळमळते आणि ताठ पट्टा गोलाईला विरोध करतो. मोटारीचा उपाय जसाच्या तसा उचलता येत नव्हता.

१२/१४
उत्तर मिळाले ते १९८० च्या दशकात : भिंतीची उंची कमी करायची, रिम रुंद करायची, पट्टा गोलाईला साजेसा बनवायचा. १९८३ मध्ये पिरेलीचा ‘एमपी७’ आला. १९८४ ची होंडा व्हीएफ१०००आर कारखान्यातूनच रेडियल टायरांवर बाहेर पडली. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकने २०१३ मध्ये हे तंत्र आपल्याकडील तरुणांच्या आवाक्यात आणले.

१३/१४
आता निवडीचा प्रश्न. वेगवान, रुंद रिमची गाडी असेल तर रेडियल : तो थंड राहतो, रस्ता घट्ट धरतो. बुलेटसारखी अरुंद रिमची, ओझे वाहणारी, संथ लयीची गाडी असेल तर बायस-प्लाय आजही योग्य, शिवाय स्वस्त. टायरवरील आकड्यांत रोमन ‘आर’ असेल तर तो रेडियल, बहुधा नुसती आडवी रेघ असेल तर बायस-प्लाय. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बदलू नये. पुढे रेडियल आणि मागे बायस-प्लाय अशी मिसळ तर कटाक्षाने टाळावी : दोन्ही चाके वळणावर वेगवेगळी वागतात आणि त्याची किंमत स्वार मोजतो.

१४/१४
थॉमसन यांना काळ अनुकूल नव्हता, ग्रे आणि स्लोपर यांचे पेटंट कागदावरच राहिले, मिन्योल यांना दोन्ही लाभले. आणि उरेबी टायर? तो पराभूत होऊन इतिहासजमा झाला नाही. जिथे त्याचे गुण लागतात, तिथे तो आजही धावतो आहे. त्यामुळे दुकानदाराने पुन्हा विचारले, “रेडियल की साधा?”, तर उत्तरापूर्वी आपल्या गाडीच्या रिमकडे एकदा अवश्य पाहावे. ‘साधा’ म्हणून विकला जाणारा टायरही तितका साधा नाही.