दोन वर्षांचा जिना : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि संगणक पदवीची वाट

१/
१९०१ साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे, एका हायस्कूलच्या आश्रयाने, अवघ्या सहा विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू झाला. शालेय शिक्षण संपलेल्या मुलांना विद्यापीठाची पहिली दोन वर्षे आपल्याच गावात शिकता यावीत, हा त्यामागचा विचार होता. जोलिएट ज्युनिअर कॉलेज आज अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. 🧵

२/
या प्रयोगामागे दोन माणसे होती. शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांना गावातील मुलांची सोय पाहायची होती. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे गणित निराळे होते. त्यांनी पदवीच्या चार वर्षांचे ‘ज्युनिअर’ आणि ‘सिनिअर’ असे दोन भाग पाडले. खरे विद्यापीठ दुसऱ्या भागापासून सुरू होते, अशी त्यांची धारणा होती.

३/
ज्यांना पुढे संशोधनाकडे जायचे नाही, त्यांनी दोन वर्षांनंतर सन्मानाने थांबावे, असे हार्पर यांना वाटे. अशांसाठी शिकागोने १९०० च्या सुमारास ‘असोसिएट’ ही पदवी देण्यास सुरुवात केली. म्हणजे या संस्थेच्या जन्मातच दोन हेतू एकत्र आले होते : काहींना वर चढवणे आणि इतरांना मध्येच थांबवणे. पुढची सव्वाशे वर्षे हा पेच सुटलेला नाही.

४/
१९०७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून हायस्कुलांना महाविद्यालयीन वर्ग चालवण्याची मुभा दिली. त्यानुसार १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे पहिले कॉलेज निघाले. हळूहळू अभ्यासक्रमांच्या दोन जाती ठरल्या : विद्यापीठात नेणारे ‘ट्रान्सफर’ आणि थेट नोकरीकडे नेणारे ‘टर्मिनल’, म्हणजे शेवटच्या स्थानकाचे. हा दुसरा शब्द ध्यानात ठेवावा.

५/
दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. १९४४ च्या ‘जी. आय. बिल’ने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये महाविद्यालयांतील जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी स्वस्त वा निःशुल्क दोन वर्षांची महाविद्यालये उभारण्याची शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

६/
१९६० मध्ये क्लार्क केर यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाचा ‘मास्टर प्लॅन’ आला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट कॉलेजे आणि ज्युनिअर कॉलेजांचे दार सर्वांना खुले. शिवाय तिसऱ्या वर्षात बाहेरून येणाऱ्यांना जागा उरावी, म्हणून विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आणावे, असेही ठरले.

७/
त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी या व्यवस्थेची दुसरी बाजू मांडली. सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजच्या अभ्यासातून त्यांना दिसले, की बहुतेक मुले ट्रान्सफरची आशा धरून येतात. प्रत्यक्षात जाणारे थोडेच असतात. उरलेल्यांना चाचण्या आणि समुपदेशन यांच्या आधारे हळूहळू ‘टर्मिनल’ अभ्यासक्रमाकडे वळवले जाते. या प्रक्रियेला त्यांनी ‘कूलिंग आऊट’, म्हणजे थंड करणे, असे नाव दिले. हे नाव मूळचे ठगांच्या बोलीतले : लुटलेल्या माणसाने आरडाओरडा करू नये म्हणून त्याची समजूत घालणे.

८/
संगणक या कथेत शिरला तो नेमका ‘टर्मिनल’ दारातून. स्पुटनिकच्या धक्क्यानंतर आलेल्या १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने तंत्रज्ञ घडवण्यासाठी निधी दिला. १९६३ मध्ये संघीय शिक्षण कार्यालयाने प्रोग्रामर घडवणारा दोन वर्षांचा नमुना अभ्यासक्रमही प्रसिद्ध केला. कम्युनिटी कॉलेजांत पंचकार्ड यंत्रे आली, कोबोलचे वर्ग भरू लागले. विषयाचे नाव होते ‘डेटा प्रोसेसिंग’ आणि उद्दिष्ट होते बँका, विमा कंपन्या व सरकारी खात्यांतील नोकरी.

९/
विद्यापीठांत संगणकाचा प्रवास वेगळ्या वाटेने चालला होता. १९६२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. १९६८ मध्ये ‘एसीएम’ या संघटनेने पदवीचा आराखडा दिला, तो गणिताकडे झुकलेला होता. त्यामुळे दोन वर्षे कोबोल शिकून आलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठात आपल्या विद्येचे घरच सापडेना. त्याला काम येत होते. पण ते मोजायला रकाना नव्हता.

१०/
तो रकाना पुढे व्यवसायाशी निगडित अभ्यासक्रमांतून घडला. १९८१ मध्ये ‘डीपीएमए’ या डेटा प्रोसेसिंग व्यावसायिकांच्या संघटनेने ‘कॉम्प्युटर इन्फॉर्मेशन सिस्टिम्स’ या पदवीचा नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. प्रोग्रामिंग, प्रणाली-विश्लेषण, डेटाबेस आणि त्यांच्या जोडीला व्यवसायाचे ज्ञान, अशी त्याची घडण होती. कम्युनिटी कॉलेजमधील डेटा प्रोसेसिंगला इतका जवळचा नातेवाईक विद्यापीठात यापूर्वी क्वचितच लाभला होता.

११/
तरीही वाट सरळ झाली नाही. अडचण असते क्रेडिटच्या हिशेबात. ‘असोसिएट ऑफ सायन्स’ ही पदवी मुख्यतः ट्रान्सफरसाठी आखलेली. ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ नोकरीसाठी. दोन्हींत प्रोग्रामिंग असते. पण दुसरी घेणाऱ्याचे कित्येक विषय पदवीच्या गरजेत मोजलेच जात नाहीत. कम्युनिटी कॉलेजात डेटाबेस शिकलेल्यालाही, विद्यापीठात तो विषय तिसऱ्या वर्षाचा असल्यास, अनेकदा पुन्हा बसावे लागते.

१२/
यावर उपाय म्हणून करार झाले. फ्लोरिडाने १९७१ मध्ये राज्यव्यापी करार केला आणि पुढे सार्वजनिक संस्थांत विषयांना समान क्रमांकही दिले. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये ट्रान्सफरसाठी खास असोसिएट पदवीचा कायदा केला : कम्युनिटी कॉलेजात ६० युनिट, मग स्टेट युनिव्हर्सिटीत त्याच वा समान विषयात आणखी ६० युनिट आणि पदवी पूर्ण.

१३/
या उपायांची गरज किती होती, हे एका आकड्यावरून कळते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये असा अंदाज मांडला, की २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. यात सर्व प्रकारची ट्रान्सफर येतात. क्रेडिट गेले, की त्यासोबत भरलेली फी जाते आणि नोकरी सांभाळून रात्री केलेला अभ्यासही जातो.

१४/
वाट मात्र खोटी नव्हती. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक कोलोरॅडो विद्यापीठातील एका वर्षानंतर क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात शिकले आणि तेथून बर्कलीला गेले. स्पेस शटलचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला आयलीन कॉलिन्स यांनी कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून सिराक्यूज विद्यापीठ गाठले. जिथे दोन संस्थांचे हिशेब जुळले, तिथे जिना चढता आला.

१५/
महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका आणि मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट हजारो घरांना ठाऊक आहे. २०२१ पासून ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची व्यवस्थाही आली आहे. पण बँकेत क्रेडिट जमा होणे आणि दुसऱ्या संस्थेने ते पदवीसाठी स्वीकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोलिएटनंतरच्या सव्वाशे वर्षांत अमेरिकेचे घोडे मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीपाशीच अडले. (समाप्त)