देवघरातल्या लक्ष्मीचा रंग मळवलीत ठरला!

मागच्या महिन्यात बेगडेवाडी स्टेशनकडे जाताना एका पिंपळाखाली पाच-सहा जुन्या तसबिरी ठेवलेल्या दिसल्या. घराचं रंगकाम निघालं की जुने देव असे पिंपळाखाली येतात, हे आपल्याकडे नेहमीचंच. काचा तडकलेल्या, चौकटींना वाळवी लागलेली. त्यात एक लक्ष्मी होती. कमळावर उभी, अंगावर लालसर साडी, बाजूला हत्ती. कागद पार पिवळा पडला होता, पण साडीचा रंग अजून टिकून होता. खाली वाकून पाहिलं तर कडेच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरं : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

म्हणजे आपल्या मावळातच छापलेलं चित्र! बेगडेवाडीहून लोणावळा लोकलने सहावं स्टेशन मळवली. एका बाजूला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या बाजूला भाज्याची. पर्यटक तेवढ्यासाठी उतरतात. पण भारतातल्या लाखो घरांत देव कोणत्या रंगात दिसावा, हे जिथे ठरलं तो छापखाना याच मळवलीत होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

थोडं मागे जाऊ. राजा रविवर्मा (1848-1906) हे केरळातल्या किळिमानूरचे. त्यांची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालात लागायची. सामान्य माणसाला ती दिसणंच शक्य नव्हतं. चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती काढा, असं त्यांना सुचवलं ते सर टी. माधवराव यांनी. हे तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण. रविवर्मांनी पुढे एक पाऊल टाकलं. चित्रं परदेशात पाठवण्याऐवजी 1894 मध्ये मुंबईत गिरगावला स्वतःचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळाली, कामगार मिळेनात. शेवटी छापखाना घाट चढून मळवलीला आला. धंदा म्हणून तो रविवर्मांना झेपला नाही, कर्ज झालं. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. त्यानंतर अनेक दशकं आपल्या डोंगरांच्या पायथ्याशी देव छापले जात होते.

आता रंगाची गोष्ट. ही छपाई दगडावर व्हायची. बव्हेरियातून आणलेला गुळगुळीत चुनखडीचा दगड. त्यावर तेलकट शाईने चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागेवर बसतं, शाई फक्त चित्राला धरते. पण एका दगडावर एकच रंग. म्हणजे पिवळ्याचा दगड वेगळा, लालचा वेगळा, निळ्याचा वेगळा, अंगाच्या गुलाबी छटेचाही वेगळा. चित्र जितकं नाजूक तितके दगड जास्त, कधी कधी डझनापेक्षाही. तोच कागद पुन्हा पुन्हा प्रत्येक दगडावर दाबला जायचा. केसभर सरकला की देवीच्या ओठांचा लाल गालावर! शेवटी वरून वॉर्निशचा हात, म्हणजे चित्र तैलचित्रासारखं चमकणार.

आता विचार करा. हाताने काढलेल्या चित्रात प्रत्येक चित्रकार आपल्या मनाचा रंग भरतो. दहा चित्रकारांच्या दहा लक्ष्मी. दगडावर मात्र रंग एकदा ठरला की ठरला, मग हजारो घरांत तीच साडी, तोच चेहरा. हे काम एकट्या मळवलीने केलं असं नाही. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची चित्रशाळा 1878 पासून होतीच, परदेशातूनही छापील देव यायचे. पण रविवर्मा प्रेसची छाप सगळ्यात खोल बसली. आजची कॅलेंडरं बघा. लक्ष्मी लाल-गुलाबीत, सरस्वती पांढऱ्यात. सरस्वतीचं पांढरं वस्त्र जुन्या स्तोत्रांपासूनचं आहे, ते छापखान्याने शोधलं नाही. मात्र ते डोळ्यांना दिसलं ते या चित्रांमुळे. आज डोळे मिटून सरस्वती आठवली तर जी दिसते, ती बरीचशी छापील असते.

याची चांगली बाजू फार मोठी आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू देत नव्हते, त्यांच्या घरात काही आण्यांत देव आला. बायकांनी त्या चित्रांवर जर आणि टिकल्या लावून देवीला आपल्या हाताने साडी नेसवली. अशा सजवलेल्या तसबिरी अजूनही काही जुन्या घरांत सापडतात.

पण दुसरी बाजूही बोलायला हवी. आपल्या गावांतले देव मुळात कोणत्या रंगाचे? विठ्ठल काळा. मारुती, म्हसोबा शेंदरी. खंडोबा भंडाऱ्याने पिवळा. हे रंग दगडाचे, मातीचे, हळदीचे. छापील देवी मात्र गोरी झाली, गुलाबी गालांची. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहिणारा समाज त्या छापखान्याने घडवला असं मी म्हणणार नाही, तो आजार जुना आहे. पण सुंदर म्हणजे गोरं, पवित्र म्हणजे गोरं, हे रोज सकाळी उदबत्ती लावताना डोळ्यांवर ठसत गेलं हे नाकारताही येत नाही.

आणि हे फक्त जुन्या काळातलं नाही. नवरात्रातले नऊ रंग आठवा. आज पुणे-लोणावळा लोकलचा बायकांचा डबा त्या त्या दिवशी एका रंगाने भरलेला असतो. नव्या पिढीला वाटतं ही शेकडो वर्षांची प्रथा. प्रत्यक्षात हे 2000 नंतरचं, महाराष्ट्र टाइम्सने सुरू केलेलं. मी याच धंद्यातला माणूस, म्हणून सांगतो : छापलेली गोष्ट वीस वर्षांत परंपरा होते. यात वाईट काही नाही. डब्यातल्या बायकांना त्यातून आनंद मिळतो, ओळखी होतात. फक्त कुणी 'आज हा रंग का नाही घातला' म्हणून नाक मुरडलं, किंवा एखाद्या रंगावर मालकी सांगायला लागलं, तर एवढं लक्षात ठेवावं की रंगांचे अर्थ माणसंच ठरवतात. आणि कधी कधी ते ठरवणारा छापखाना सहा स्टेशनांवर असतो.

मळवलीचा हा छापखाना 1972 मध्ये आगीत गेला. त्याआधी या कामाने किती माणसं घडवली! दादासाहेब फाळक्यांनी लोणावळ्यात असताना याच प्रेससाठी छपाईचं काम केलं, आणि 1913 मध्ये राजा हरिश्चंद्र काढला. मळवलीच्या दगडावर उभे राहिलेले देव पुढे पडद्यावर चालायला लागले, ते याच माणसामुळे.

म्हणून एक विनंती. दसरा-दिवाळीची आवराआवर निघेल. जुनी तसबीर पिंपळाखाली ठेवण्याआधी किंवा इंद्रायणीत सोडण्याआधी एकदा खालची पट्टी वाचा. कार्ला-लोणावळा लिहिलेलं असेल तर ती फक्त देवाची तसबीर नाही, आपल्या तालुक्याचा कागदोपत्री पुरावा आहे. निदान फोटो काढून ठेवा. ती घरात कुणी आणली, हे आजीला विचारून मागे लिहून ठेवा. मावळात कुणाचे आजोबा-पणजोबा त्या छापखान्यात कामाला होते, तर मला जरूर कळवा. राजांचं नाव इतिहासात आहेच. दगड घासणाऱ्या आणि रंग घोटणाऱ्या आपल्या माणसांची नावं मात्र कुठे लिहिलेली मला सापडली नाहीत.

पिंपळाखालची ती लक्ष्मी मी घरी आणली. काच नवी बसवली. रंग तसाच ठेवलाय.