काळ्या बुरशीपासून दंडावरच्या चकतीपर्यंत

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना नेवासा तालुक्यातले घोडेगाव लागते. इथल्या बाजारात येणाऱ्या कांद्यात कधी वरच्या सालीखाली काळी भुकटी दिसते. ती बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर. मधुमेही आज दंडावर जी साखर मोजणारी चकती लावतात, तिची वंशावळ या बुरशीपर्यंत पोहोचते.

आपण आणखी मागे जाऊ. गोड लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी हेरले होते. त्या गोडीचे कारण साखर आहे, हे 1776 मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी लघवी आटवून दाखवले. 1908 मध्ये बेनेडिक्टचे निळे द्रावण आले. लघवीबरोबर तापवले की साखरेच्या प्रमाणात ते हिरवे, पिवळे, विटकरी होई. पण रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, म्हणून ही परीक्षा नेहमी उशिराच बोले. 1928 मध्ये डेन्मार्कच्या डेटलेव्ह म्युलर यांना या काळ्या बुरशीत नेमके ग्लुकोज हेरणारे विकर सापडले. पुढे हृदयशस्त्रक्रियेत रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी झटणाऱ्या लेलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये तेच विकर आपल्या इलेक्ट्रोडपुढे बसवले. ग्लुकोज खर्ची पडताना प्राणवायू किती घटतो, यावरून साखर कळू लागली. माझ्या मते या प्रवासातले खरे वळण हेच; बोट टोचून पट्टीवर थेंब घेणारी आजची यंत्रे याच घराण्यातली. 1999 मध्ये अमेरिकेत त्वचेखालच्या संवेदकाला मान्यता मिळाली. 2001 मध्ये मनगटी ग्लुकोवॉच आले. सौम्य विद्युतप्रवाहाने ते त्वचेतून द्रव ओढून घेई, पण कातडी लाल होई, खाज सुटे. काही वर्षांत ते बाजारातून गेले. या विस्मृत पूर्वजाची आठवण ठेवायला हवी, कारण न टोचता साखर मोजण्याची आस त्याने जागी केली. 2014 मध्ये युरोपात आलेली लिब्रे चकती मात्र टिकली. तिचा केसासारखा तंतू चौदा दिवस त्वचेखाली राहून पेशींमधल्या द्रवातली साखर वाचतो. त्यामुळे रक्तातला चढउतार तिच्यात काही मिनिटे उशिरा उमटतो.

पण साखर तपासायची ती फक्त जाड माणसांनीच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. अशा छुप्या चरबीने मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून घोडेगावातल्या सडपातळ माणसानेही तपासणी टाळू नये. त्यासाठी चकतीची वाट पाहण्याचे कारण नाही: मधुमेहाचे निदान आजही मुख्यतः शिरेतल्या रक्तावर होते, आणि उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त निघाली, तर ती चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते.