धावणाऱ्याचा जोडा



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीवर बोलावे, राज्यघटनेवर बोलावे. बुटांवर बोलावयास उभा राहिलेला मनुष्य आपणांस थोडा विचित्रच वाटेल. पण माझे आयुष्य मोंढ्यातील हमालांत गेले. पाठीवर क्विंटलाचे पोते घेणाऱ्या माणसाच्या पायांकडे प्रथम नजर जाते, ही माझी जुनी खोड आहे.

निमित्त असे झाले. आमच्या संघटनेतील एका हमालाची मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. 800 मीटर धावावयाचे. बापाने विचारले, “अण्णा, पोरीला कोणत्या कंपनीचा जोडा घ्यावा?” मला उत्तर देता आले नाही. उत्तर शोधू लागलो तो इतिहासात शिरलो.

आपल्याकडे पायताण ही नुसती सोय कधीच नव्हती. वतनदाराच्या वाड्यासमोरून जाताना दलितांना वहाणा हातात घ्याव्या लागत आणि त्या वहाणा शिवणारे हातही त्यांच्यातलेच. ज्याने जोडा केला त्यालाच तो घालण्याची बंदी, असा हा आपला न्याय!

1919 साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा तेथे अध्यक्ष होते. धावणारी मुले बहुतेक शेतकऱ्यांची, अनवाणी. परंतु त्यांचा वेग पाहून दोराबजी थक्क झाले. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. मल्ल रणधीर शिंदे तेथे चौथे आले. बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, वेळ 2 तास 50 मिनिटे. त्या वर्षी ते अंतर नेहमीपेक्षा जास्त, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. चौगुल्यांचे नाव आज लातूरच्या किती शाळांत ठाऊक आहे?

खेळाचा स्वस्त बूट शक्य झाला तो रबरामुळे. कच्चे रबर उन्हात चिकटे, थंडीत तडके. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक व उष्णता देऊन ते टिकाऊ केले. मग कापडाला रबरी तळ जोडून कॅनव्हासचा बूट निघाला. आपल्या देशात तो घरोघर नेला बाटाने. 1894 मध्ये झ्लिन गावी मोची कुटुंबातील टोमास बाटाने भावंडांसह काढलेला हा धंदा 1931 मध्ये बंगालमध्ये कोन्नगर येथे आला आणि पुढे कलकत्त्याजवळ बाटानगर वसले. 15 ऑगस्टच्या आदल्या रात्री पांढऱ्या बुटांना खडू फासलेली माझ्या वयाची पुष्कळ माणसे या सभागृहात असतील. मी त्याच बुटांत धावलो, त्यांतच लग्नालाही गेलो. (दुसऱ्याच्या लग्नाला, स्वतःच्या वेळी चामड्याचे मागून आणले होते.)

युरोपातील कथा अधिक चमत्कारिक आहे. जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख या लहान गावी डास्लर बंधू एकाच कारखान्यात बूट करीत. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने त्यांचे खिळ्यांचे बूट घातले होते. पुढे भाऊ भांडले. रुडॉल्फने 1948 मध्ये पुमा काढली, आडोल्फने 1949 मध्ये आदिदास. गाव दुभंगले. माणूस भेटला की आधी त्याचे बूट पाहावयाचे, म्हणून ‘वाकलेल्या मानांचे गाव’ असे त्याचे नाव पडले. मालक भांडले आणि कामगारही दोन तटांत वाटले गेले! आम्हा संघटनेच्या माणसांना हे नवे नाही.

तिसरे मोठे नाव नायके. 1964 मध्ये ही मंडळी ओनित्सुका या जपानी कंपनीचे बूट अमेरिकेत विकत. 1971 पासून स्वतःच्या नावाने. काम मात्र जिकडे मजुरी कमी तिकडे सरकत गेले: जपान, कोरिया, तैवान, मग इंडोनेशिया, चीन, व्हिएतनाम. 1990 नंतर तेथील मजुरीवरून जगभर ओरड झाली, तेव्हा 1998 मध्ये बूट-कारखान्यातील कामगाराचे किमान वय 18 करण्याची घोषणा कंपनीस करावी लागली. आता तामिळनाडूतही असे कारखाने आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. बुटाच्या जिभेखालची चिठ्ठी वाचा, गाव नाही तरी देश कळतो.

मग जोडा धावतो की पाय? 1960 मध्ये रोमला इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. 1964 मध्ये टोकियोस बूट घालून जिंकला, आणि तीन मिनिटे लवकर. दोन्ही पक्षांनी आपापला पुरावा घ्यावा. 2017 पासून कार्बनची पट्टी व जाड फोम असलेले महागडे बूट आले आणि वेळा इतक्या उतरल्या की 2020 मध्ये जागतिक संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची जाडी 40 मिलिमीटरवर रोखावी लागली. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जाई. तो ज्या स्टीपलचेसमध्ये 2023 चे आशियाई सुवर्ण जिंकला, तीत सात वेळा पाण्यावरून उडी असते. तेथे बुटातून पाणी झटकन निघून जाणे महत्त्वाचे.

तर हमालाच्या मुलीचे काय झाले? बापाने माझी वाट न पाहता एका दुकानातून परदेशी खूण शिवलेला जोडा स्वस्तात आणला. तो नकली. तीन आठवड्यांत तळ सुटला, पोरीच्या नडग्या दुखू लागल्या. दुकानदार म्हणाला, “विकलेला माल परत नाही.” मग आम्ही तिघे संध्याकाळी गेलो, दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून संध्याकाळीच. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच घट्ट, मधला फोम दाबला की परत उसळणारा. खूण पाहिलीच नाही. निघाला एक देशी जोडा. परंतु बापाचे तीन दिवसांचे काम त्यातही गेलेच.

मी एकच अट घातली, धावण्याखेरीज तो घालू नये. फोम पाचशे-आठशे किलोमीटर चालतो. बाजाराला, कॉलेजला तोच घातला तर चाचणीआधीच मेलेला असतो. कॉलेजला ती चपलांवर गेली.

जून 2024 मध्ये मैदानी चाचण्या पावसातच सुरू झाल्या. तिची संधी थोड्या गुणांनी हुकली. परवा तिने तोच जोडा आणून दाखविला. मी अंगठ्याने तळ दाबला, तो उसळला नाही. नवा घ्यावा लागेल, असे सांगितले. बाप म्हणाला, “अण्णा, मग ह्याचं काय करायचं?” वरचे कापड धड होते, शिवण पक्की होती. तिचा धाकटा भाऊ आता तो घालून कॉलेजला जातो.