तळण कशात?

विश्रामबागेत संध्याकाळी कॉलेजं सुटली की रस्त्याच्या कडेला गाड्या लागतात. पूर्वी तिथे वडापाव आणि भेळ मिळायची. आता फ्रेंच फ्राईज, मोमो, हॉट डॉग असं सगळं मिळतं. परवा भाचीला घेऊन अशाच एका गाडीवर गेलो. तिने फ्राईज सांगितल्या आणि मी सवयीने गाडीवाल्याला विचारलं, "तेल कुठलं वापरता?" त्याने निमूटपणे पामतेलाचा डबा दाखवला. भाची मात्र वैतागली. "मामू, असं काय विचारता? बटाटाच तर आहे!"

बटाटाच तर आहे, हे खरं. पण याच बटाट्याने एकेकाळी अमेरिकेपासून ठाण्यापर्यंत केवढा गोंधळ घातला होता, ते तिला त्या रात्री सांगितलं. तेच इथे लिहितो आहे.

मॅकडोनाल्ड बंधूंनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथलं आपलं हॉटेल १९४८ साली नव्या पद्धतीने सुरू केलं. मोजके पदार्थ, कमी किंमत आणि झटपट काम. त्यांच्या हॉटेलची ख्याती रे क्रॉक नावाच्या विक्रेत्याच्या कानावर गेली. त्याने १९५५ साली शिकागोजवळ त्याच नावाचं दुकान काढलं. कृती तीच ठेवली, तरी फ्राईज मऊ पडू लागल्या. शेवटी कारण सापडलं. कॅलिफोर्नियात बटाटे जाळीच्या पेट्यांत उघड्यावर असायचे. वाळवंटाच्या कोरड्या वाऱ्याने ते मुरायचे आणि त्यांच्यातली साखर कमी व्हायची. क्रॉकने मग तळघरात बटाट्यांवर विजेचा पंखा लावला.

त्या काळी प्रत्येक दुकानात बटाटे रोज सोलले जात. काप करून थंड पाण्यात धुतले जात, म्हणजे पिठूळपणा निघून जाई. एकदा अर्धवट तळून ते गार करायचे आणि गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा कडक तळायचे. पुढे साठच्या दशकात आयडाहोच्या जे. आर. सिम्प्लॉट यांनी कारखान्यात अर्धवट तळून गोठवलेले काप पुरवायला सुरुवात केली आणि दुकानातलं सोलणं-कापणं संपलं.

पण चवीचं खरं गुपित बटाट्यात नव्हतंच. ते कढईत होतं. मॅकडोनाल्डच्या तळणात साधारण ९३ टक्के गायी-बैलांची चरबी आणि ७ टक्के सरकीचं तेल असे. यात लपवाछपवी होती असं नाही. त्या देशात चरबीत तळणं ही जुनी, सर्वमान्य रीत होती. शिकागोच्या कत्तलखान्यांमुळे चरबी मुबलक आणि स्वस्त मिळे. ती लवकर खवट होत नाही, पुन्हा पुन्हा तापवली तरी टिकते आणि बटाट्याला मांसाचा खमंगपणा देते.

ऐंशीच्या दशकात हृदयविकाराची चर्चा वाढली. ओमाहाचे फिल सोकोलॉफ यांना स्वतःला तरुणपणीच हृदयविकाराचा झटका आला होता. त्या उद्योजकाने पदरचे पैसे खर्चून वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि या चरबीविरुद्ध मोहीम उघडली. जुलै १९९० मध्ये मॅकडोनाल्डने जाहीर केलं, की यापुढे अमेरिकेत फ्राईज वनस्पतीजन्य तेलात तळल्या जातील.

हे ऐकून हजारो शाकाहारी माणसं निर्धास्त झाली. त्यांत आपल्याकडून गेलेले हिंदू आणि जैन होते. हलाल मांस मिळत नाही म्हणून बाहेर फक्त बटाट्यावर भागवणारे मुसलमानही होते. पण चरबी गेली तशी चवही जाणार होती. ती राखण्यासाठी कारखान्यातच कापांना गोमांसापासून काढलेला स्वादअर्क लावला जात होता. घटकांच्या यादीत त्याची नोंद 'नैसर्गिक स्वाद' एवढीच असायची.

मे २००१ मध्ये सिॲटलचे वकील हरीश भारती यांनी खटला भरला आणि ही गोष्ट जगभर पोचली. आपल्याकडे ठाण्यातल्या दुकानाची तोडफोड झाली. कंपनी सांगत होती, की भारतातल्या फ्राईजमध्ये असं काही नाही, इथे १९९६ पासून गोमांस आणि डुकराचं मांस आम्ही ठेवलेलंच नाही. पण विश्वास एकदा तडकला की खुलासे कोण ऐकतो? अमेरिकेत कंपनीने २००२ साली माफी मागितली आणि तडजोड म्हणून एक कोटी डॉलर वेगवेगळ्या संस्थांना द्यायचं कबूल केलं.

आता हॉट डॉगकडे वळू. आपल्या गाड्यांवर लांबट पावात बटाट्याची टिक्की घालतात आणि त्यालाच हॉट डॉग म्हणतात. मूळचा पदार्थ वेगळा. जर्मन स्थलांतरितांनी तो अमेरिकेत नेला. मोठे तुकडे विकून उरलेलं डुकराचं आणि गायीचं मांस, चरबी, मीठ, मसाले आणि बर्फ एकत्र अगदी बारीक वाटायचं. तो लगदा मेंढीच्या स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचा, धुरी द्यायची आणि उकडायचं. १९२५ च्या सुमारास शिकागोच्या अर्विन फ्रॉइंड यांनी आतड्याऐवजी सेल्युलोजची नळी आणली. उकडून झाल्यावर ती सोलून टाकतात.

लगद्यात काय गेलं हे डोळ्यांना दिसत नाही, हीच या पदार्थाची अडचण. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली. त्यांना कामगारांचे हाल दाखवायचे होते. वाचकांना मात्र आपल्या ताटाचीच काळजी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले.

पुढे १९१६ साली पोलंडहून आलेल्या नेथन हँडवर्कर या ज्यू माणसाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली. तो फक्त गोमांसाचा होता, डुकराचं मांस त्यात नव्हतं. पण इतकं स्वस्त म्हणजे आत काहीतरी भलतंच असणार, अशी शंका लोकांना येई. सांगतात, की त्याने काही माणसांना डॉक्टरांसारखे पांढरे कोट घालून दुकानासमोर खायला उभं केलं. डॉक्टर खातात म्हटल्यावर गर्दी झाली! भरवसा मिळवायला काय काय करावं लागतं बघा.

हे सगळं सात समुद्रापलीकडचं वाटत असेल, तर आमच्याच गल्लीतली गोष्ट सांगतो.

मी लहान असताना शेजारच्या काकू ईदला आमच्याकडे यायच्या. एका ईदला त्यांनी अम्मीला हळूच विचारलं, "भाभी, राग मानू नका, पण शिरखुर्मा कशात परतलाय?" अम्मी म्हणाली, "तुमच्याच गवळ्याच्या दुधाचं तूप आहे." काकूंनी वाटी संपवली आणि आणखी मागून घेतली.

पुढे १९८३ साल आलं. परदेशातून आणलेली जनावरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली जाते, या आरोपाने देशभर वादळ उठलं. सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. गायीच्या चरबीच्या भीतीने काकूंच्या घरातला वनस्पती तुपाचा डबा बाहेर गेला. डुकराच्या किंवा हलाल नसलेल्या जनावराच्या चरबीच्या भीतीने आमचाही गेला. १८५७ च्या काडतुसांनी हिंदू-मुसलमान शिपायांना एकाच शंकेने घेरलं होतं, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. घरात ते त्या वर्षी पाहिलं. दिवाळीला काकू फराळ घेऊन आल्या तेव्हा अम्मीने विचारलं, "ताई, राग मानू नका, पण चकली कशात तळलीय?" दोघी खळखळून हसल्या. चकली शेंगतेलात तळली होती.

त्याच गल्लीत दुसरंही एक घर होतं. ते आमच्याकडे कधी पाणीही प्यायले नाहीत. त्यांनी तेल विचारलं नाही, तूप विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण त्यांची अडचण आमच्या हाताची होती. अम्मीला हा फरक पक्का कळत होता. काकूंच्या प्रश्नाचा तिला कधी राग आला नाही. त्या घराच्या न विचारण्याचं दुःख मात्र तिला शेवटपर्यंत होतं.

हा फरक आज फार महत्त्वाचा झाला आहे. कशात तळलं, मांस कसलं, हलाल आहे का, कांदा-लसूण आहे का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक खाणाऱ्याला आहे. डब्यांवर हिरवा आणि तपकिरी ठिपका आला तो याच हक्कातून. पण २०१९ साली मॅकडोनाल्ड इंडियाने एका प्रश्नाला उत्तर देताना आपल्या दुकानांकडे हलाल प्रमाणपत्र असल्याचं सांगितलं, तेव्हा बहिष्काराच्या हाका उठल्या. २००१ मध्ये एकाला माहिती मागायचा हक्क होता, तर २०१९ मध्ये दुसऱ्यालाही होता. हलाल नको असेल त्याने जरूर सांगावं, दुसरीकडे खावं. विचारणाऱ्याचीच हेटाळणी कशासाठी? आणि हे आपल्या लोकांनाही लागू आहे. शेजारी काही विचारून खात असेल, तर त्यात लगेच अपमान शोधू नये.

आणि हो, १९९० साली चरबीच्या जागी जे तेल आलं, तेही निर्मळ नव्हतं. आपल्या वनस्पती तुपासारखंच ते हायड्रोजन वायूची प्रक्रिया केलेलं होतं आणि त्यात ट्रान्स फॅट होतं. हृदयाला ते चरबीहून जास्त घातक, हे पुढे सिद्ध झालं. भारतात तेला-तुपातलं त्याचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणायला २०२२ साल उजाडलं. म्हणजे धर्म बाजूला ठेवला तरी अम्मीचा आणि काकूंचा प्रश्न चुकीचा नव्हता.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी घरी आल्या. त्यांतली एक जैन आहे. भाचीने भजी तळायला घेतली आणि कुणी विचारायच्या आतच स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "नवीन तेल आहे गं, शेंगदाण्याचं! आणि तुझ्यासाठी कांदा-बटाटा नाही, केळ्याची करतेय."